येते, म्हणजे निघाले

आज सकाळी गॅलरीचा कठडा पांढरा दिसला. मला आधी वाटलं, आईने तांदळाचं पीठ सांडलं. आई सध्या माझ्याकडे म्युनिकला आहे, आणि ती कुठेही काहीही वाळत घालू शकते. पण ते दंव होतं, रात्रीत गोठलेलं. बोट फिरवलं तर बोटाला चिकटलं. म्हणजे आला. हिवाळा आला.

आणि माझं नेहमीचं सुरू झालं. पहिली कडाक्याची थंडी पडली की माझे हात आपोआप हातमोजे शोधायला लागतात आणि पाय केलरकडे, म्हणजे तळघराकडे वळतात. तिथे माझी निळी सायकल उभी असते. तीन गिअर, पुढे वेताची टोपली, घंटी जराशी घसा बसलेली.

"या थंडीत सायकल?" आई चहा गाळत म्हणाली. "तुला वेडबिड लागलंय का?"

"लागलं होतं," मी म्हटलं. "तीन हिवाळ्यांपूर्वी. तुला माहितीये की."

आईने चहा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "त्या बाईंना फोन केलास का?"

हे असं असतं आमच्या आईचं. सुरी कुठे लावायची हे तिला बरोबर ठाऊक असतं, आणि वर चहा हातात देते.

त्या बाई म्हणजे फ्राऊ वेबर. सायकल मूळची त्यांची. त्या लुडविग्सहाफेनला, माझ्या जुन्या घराच्या तळमजल्यावर राहतात. आखेनला माझं डॉक्टरेटचं काम संपल्यावर मला लुडविग्सहाफेनजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, म्हणून मी तिथे राहायला गेले. तिसऱ्या मजल्यावर सामान चढवताना खालचं दार उघडलं आणि एक ठेंगण्या, ऐंशीच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. माझं नाव विचारलं. मी वृंदा. पण पासपोर्टावर ते V ने सुरू होतं आणि जर्मन माणूस V चा उच्चार फ करतो, त्यामुळे मी तिथे पहिल्या दिवसापासून फ्रुंडा. त्या मला केलरात घेऊन गेल्या आणि सायकलीवरची चादर काढून म्हणाल्या, "माझं कंबरडं आता नको म्हणतं. तू चालव. सायकल उभी राहिली की आजारी पडते."

तिला हाताचा ब्रेक एकच, पुढचा. मागचा ब्रेक पायडलमध्ये. पायडल उलटं मारलं की चाक जाग्यावर थांबतं. आता नाशिकला वाढलेल्या मुलीला हे कोणीतरी आधी सांगायला नको का? आम्ही लहानपणी उतारावर पायडल उलटं फिरवायचो, नुसता तो टर्रर्र आवाज ऐकायला. पहिल्याच उतारावर मी सवयीने तेच केलं आणि थेट एका सभ्य गृहस्थांच्या कुंपणाच्या झुडपात गेले. या ब्रेकला 'रुकट्रिट' म्हणतात. मंत्री देतात त्या राजीनाम्यालाही रुकट्रिटच म्हणतात, हे मला त्यानंतर दोनच महिन्यांनी बातम्यांत कळलं, आणि तेव्हा हसू आलं नाही. कारण तेव्हा माझी स्वतःची नोकरी गेली होती.

नोकरी गेली ती दिवाळीच्या आठवड्यात. प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचे सहा महिने, अजून संपायचे होते. साहेबांनी बोलावलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि 'लायडर' या शब्दाने सुरुवात केली. लायडर म्हणजे 'खेद आहे की'. आमचा अख्खा विभागच बंद होत होता, माझं काम वाईट नव्हतं, वगैरे वगैरे. पुढच्या तीन-चार महिन्यांत या शब्दाची आणि माझी इतकी गट्टी झाली की अर्जाला उत्तर आलं की मी आधी लायडर शोधायची. तो सापडला की बाकीचं वाचायची गरजच नसायची.

परदेशी लोकांच्या कचेरीने मला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर नवी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्याच महिन्यात आई तीन महिन्यांसाठी यायची होती. तिच्या व्हिसाला माझ्या पगाराचा कागद लागत होता, आणि पगारच गेला. आईला मी सांगितलं की कचेरीत गर्दी आहे, उन्हाळ्यात बघू. नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने भाजणी दळून आणली होती, बॅगेला नवी चाकं बसवून घेतली होती. कसं सांगायचं?

घरात बसवेना. घरात बसलं की दर पाच मिनिटांनी मेल उघडायचा. म्हणून मी सकाळी दोन तास अर्ज लिहायची आणि नऊ वाजता कानटोपी घालून सायकल काढायची. कानटोपी आईने विणलेली, मोरपंखी. तिच्यावर हेल्मेट बसेना, म्हणून हेल्मेटचा पट्टा सैल केला. आरशात मी भोपळ्यावर वाटी ठेवल्यासारखी दिसायची. पण कान शाबूत राहिले.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी सायकल दारातून बाहेर काढली, फ्राऊ वेबर खिडकीत होत्या, मी हात केला आणि ओरडले, "इश कोमे!"

जर्मन येणाऱ्यांना एव्हाना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. इश कोमे म्हणजे 'मी येते'. आपण घरातून निघताना काय म्हणतो? येते. 'जाते' म्हटलं तर आमची आई अजूनही हातातलं काम टाकून धावत येते, "अगं, येते म्हण, येते!" व्याकरण मला येत होतं, परीक्षासुद्धा पास झाले होते. पण उंबरठ्यावर व्याकरण चालत नाही. तिथे तोंडातून आईच बोलते.

मी ऱ्हाइनच्या काठाने आल्टरिपपर्यंत जाऊन दीड-दोन तासांनी परत आले, तर तळमजल्याचं दार सताड उघडं. आत टेबलावर दोन कप, थर्मास, केकचे दोन तुकडे. आणि फ्राऊ वेबर खुर्चीत ताठ बसलेल्या.

"तू म्हणालीस, येते," त्या म्हणाल्या. "मी कॉफी केली. मग तू निघून गेलीस."

कर्म माझं! मी दारातच उभी राहून, हातमोजे दातांनी ओढत, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांना मराठी माणसाचा निरोप समजावून सांगितला. की आमच्यात जाणारा माणूस 'जातो' असं म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. म्हणजे, जातोय खरा, पण परत येणार आहे हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवतो.

त्यांनी विचार केला. "आणि नाही आला तर?"

"येतो हो," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या, आणि थर्मासातली कोमट कॉफी ओतली.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. सकाळी मी ओरडायची, "इश कोमे!" आणि परत आले की कॉफी. आणि निरोपाच्या बाबतीत तेही काही कमी नाहीत, हे मला त्याच टेबलावर कळलं. फाल्ट्सची माणसं, म्हणजे त्या भागातली, निघताना किंवा फोन ठेवताना 'अल्ला' म्हणतात. 'अल्ला, च्युस.' च्युस म्हणजे टाटा, आणि अल्ला म्हणजे बरं तर मग, असं काहीसं. फ्राऊ वेबर ते इतकं लांबवून म्हणायच्या की मला चक्क 'आला' ऐकू यायचं. मी जायला उठले की त्या म्हणायच्या, "आला!" मला हसू आवरेना. मी निघताना म्हणते येते, आणि त्या म्हणतात आला. मी त्यांना सांगितलं, "आमच्या भाषेत याचा अर्थ तो आला. पण मी बाई आहे. माझ्यासाठी 'आली' म्हणा."

"मी ऐंशी वर्षं अल्ला म्हणतेय," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी बदलू?"

नाही बदललं. हट्टी बाई.

तो हिवाळा आठवतो तो नाकातून आणि बोटांतून. धुक्यात कारखान्यांच्या चिमण्यांची नुसती टोकं दिसायची आणि त्यांच्या वाफेला आंबट, धातूसारखा वास असायचा. शहर मागे पडलं की तोच वारा कोबीचा आणि कांद्याच्या पातीचा वास आणायचा. तिथली शेतं हिवाळ्यातही रिकामी नसतात. लिंबाएवढ्या कोबीच्या, बुंध्याला चिकटलेल्या गड्ड्यांची रांग, वर दंव. मी ते गड्डे तोडून तोंडात टाकले आहेत. शेतकऱ्याने बघितलं असतं तर शोभा झाली असती. नदीवरून लांबट मालवाहू बोटी जायच्या. त्यांच्या मागच्या भागात नावाड्याचं घर असतं, खिडकीला लेसचे पडदे, छपरावर त्याची मोटार. मी त्या बोटींशी शर्यत लावायची. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट मला हरवता यायची, प्रवाहाबरोबरची नाही. त्या दिवसांत मला जिंकण्याची गरज होती, म्हणून मी कायम वर येणारीच बोट निवडायची.

आईला कळलं ते याच वाटेवर. तिकडचा दुपारचा चहा झाला की तिचा फोन यायचा, तेव्हा इकडे अकरा वाजलेले असायचे. मी बाकावर बसून फोन घेतला.

"ऑफिसात आहेस ना? बोलू ना?"

"हो, बोल की."

"एवढा वारा कसला गं?"

"एसी."

"थंडीत एसी?" मग जरा थांबून, "आणि ऑफिसात बदकं आहेत का, वृंदा?"

बदकं कसली, गुडघ्याएवढे हंस होते, माझ्या बिस्किटावर डोळा ठेवून केकाटत होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू फुटलं ते थांबेचना. आईने मला रडू दिलं. शेवटी म्हणाली, "कधी काढलं?"

"तीन आठवडे झाले."

"जेवतेस?"

"हो."

"कानटोपी?"

"आहे."

"मग चालव. पण बोलता बोलता चालवू नकोस."

दुसऱ्या दिवशीपासून ती म्हणायला लागली, ये परत. तुझी खोली आहे, नाशिकला काय कारखाने नाहीत? तिचं काही चुकत नव्हतं. मला राग यायचा तो तिच्या बरोबर असण्याचाच. मला नाशिक नको होतं असं मुळीच नाही. नाशिकची मला सारखी आठवण यायची. पण नऊ वर्षांपूर्वी विमानतळावर मी 'येते' म्हणून निघाले होते, ते काहीतरी करून दाखवून येते या अर्थाने. लायडरांचा गठ्ठा घेऊन परत जायचं म्हणजे मला ते येणं वाटत नव्हतं. ते जाणं वाटत होतं.

जानेवारीत मी पश्चिमेला, डोंगरांच्या बाजूला जायला लागले. तिकडे द्राक्षांचे मळे आहेत. माझ्या मामाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. जानेवारीत तिथे घडांत पाणी भरायला लागलेलं असतं, मामा रात्रंदिवस बागेत असतो. आणि इथे त्याच महिन्यात मळे म्हणजे ओळीने उभी काळी लाकडं. एक जण तारेजवळ उभा राहून छाटणी करत होता, कचाकच. प्रत्येक वेलीवर एक-दोन काड्या ठेवायचा, बाकी सगळं खाली. मामा खरड छाटणीच्या दिवसांत, म्हणजे वेल पार खरडून काढतात तेव्हा, आम्हा पोरांना सांगायचा, आठ दिवस बागेकडे फिरकू नका, बघवणार नाही. मी त्या माणसाकडे बघत बसले. त्याने विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, माझा मामा हेच काम करतो, पण काडीवर तुमच्याहून जास्त डोळे ठेवतो. तो हसला आणि म्हणाला, "मग त्याला सांग, इथे थंडी आहे." मामाला रात्री कळवलं. मामाने उत्तर दिलं, काडीचा फोटो पाठव. मामाला भाचीच्या नोकरीपेक्षा काडीची काळजी. मला बरं वाटलं. निदान एका माणसाने माझी कीव केली नाही.

आणि मग फेब्रुवारीतला तो दिवस. वाल्डॉर्फजवळच्या एका कंपनीत तिसऱ्या फेरीपर्यंत पोचले होते. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. मुदत संपायला अडीच आठवडे राहिले होते. सकाळी मेल आला. पहिल्या ओळीत नाही, दुसऱ्या ओळीतही नाही, तिसऱ्या ओळीत लायडर. मी लॅपटॉप मिटला, खाली आले, सवयीने "इश कोमे" म्हटलं आणि श्पायरच्या दिशेने निघाले. श्पायर वीस-बावीस किलोमीटर. तिथेही थांबले नाही, पुढे गेले. कुठे जायचं होतं कोण जाणे. जोवर पाय फिरत होते तोवर विचार करावा लागत नव्हता, एवढंच.

परतताना दुपारी उशिरा, एका डबक्यावर बर्फाची पातळ काच धरली होती. ती दिसली आणि घाबरून मी पायडल उलटं मारलं. मागचं चाक अडलं, सायकल आडवी आणि मी तिच्याखाली. गुडघा फुटला, साखळी उतरून चाकात अडकली, ती काही केल्या निघेना. फोन काढला तर थंडीने बंद पडलेला. आजूबाजूला शेतं, धुकं आणि एकही माणूस नाही. मग मी सायकल अर्धवट उचलून, अर्धवट ओढत चालायला लागले. चालताना मोठमोठ्याने मराठीत शिव्या दिल्या. कंपनीला, कचेरीला, बर्फाला, स्वतःला. ऐकायला कोणी नव्हतं हे बरंच झालं. शिव्या संपल्या तेव्हा मनात पक्कं झालं होतं की पुरे. घरी पोचले की तिकीट काढायचं, नाशिकला जायचं.

पोचले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. फाटकात कोणीतरी उभं होतं. घरातल्या गाऊनवर ओव्हरकोट, पायात सपाता, हातात विजेरी. फ्राऊ वेबर. कंबरडं नको म्हणणारी बाई पायरी उतरून, वाळू टाकलेल्या फूटपाथवरून फाटकापर्यंत आली होती. किती वेळ उभ्या होत्या, त्यांनी कधीच सांगितलं नाही.

"तू म्हणाली होतीस, येते!" त्या माझ्यावर ओरडल्या. "म्हणाली होतीस!"

"आले ना," मी म्हटलं. "फ्राऊ वेबर, आले हो मी." आणि त्यांच्या ओव्हरकोटात तोंड घालून रडले. डांबराच्या गोळ्यांचा वास होता त्याला. अगदी आमच्या घरच्या कपाटासारखा.

त्या रात्री त्यांनी मला बटाट्याचं सूप आणि डाम्फनूडल खायला घातली. डाम्फनूडल म्हणजे वाफेवर फुगवलेला पाव, खालून खारट आणि खरपूस. तिकडे तो सुपाबरोबर खातात. ऐकायला विचित्र, पण दुधात बुडवलेल्या भाकरीचा करपलेला पापुद्रा ज्याला आवडतो त्याला कळेल. जेवताना मी त्यांना तिकिटाचं सांगितलं. त्यांनी माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "गुडघा वाकेल तेव्हा निघ. तोवर अर्ज लिही. तसंही तुला दुसरं काय करता येणार आहे?"

गुडघा आठवडाभर वाकला नाही. त्या आठवड्यात मी जे थोडे अर्ज लिहिले त्यातला एक म्युनिकचा होता. त्यांनी फोनवरच मुलाखत घेतली, आणि मुदतीला पाच दिवस उरले असताना पत्र आलं. मी ते पत्र दोनदा वाचलं, लायडर सापडेना. तिसऱ्यांदा फ्राऊ वेबर यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "नाहीये." आईला फोन केला तर ती आधी रडली, मग म्हणाली, "मग आता मी येऊ का?"

मार्चमध्ये सामान गेलं, सायकलही गेली. शेवटी मी तळमजल्याच्या दारात उभी राहिले. त्या दिवशी मला नीट बोलायचं होतं, शुद्ध, त्यांच्या भाषेत. म्हणून मी जपून म्हणाले, "इश गेहे येत्स्ट." मी जाते आता.

त्या एकदम उसळल्या. "गेहे? असं म्हणायचं नसतं!"

त्या दारात मला, एका जर्मन म्हातारीने, आईच्या आवाजात दटावलं. मी मुकाट्याने म्हटलं, "इश कोमे." त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

आणि मी गेले नाही. हेच तर सांगायचं होतं मघापासून. दोन हिवाळे झाले, मी परत गेले नाही. पहिल्या वर्षी नवीन काम. दुसऱ्या वर्षी काढलेलं तिकीट रेल्वेच्या संपात गेलं, मग पुन्हा काढलंच नाही. नाताळला कार्ड पाठवते, वाढदिवसाला फोन करते, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी निर्लज्जपणे इश कोमे म्हणते. त्या कधी काही म्हणत नाहीत. आता त्यांचा आवाज बारीक झालाय. मला लाज वाटते, म्हणून मी फोन लवकर ठेवते. 'आणि नाही आला तर?' असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा मी किती सहज उत्तर दिलं होतं.

आज चहा संपवून मी फोन लावला. आई शेजारी बसून कानटोपीची नवी जोडी विणत होती. एक माझी आणि एक, तिने मला न विचारताच, फ्राऊ वेबर यांच्यासाठी, लहान डोक्याची. बराच वेळ घंटा वाजली.

"फ्राऊ वेबर, मी फ्रुंडा. शुक्रवारी. माझी आईही आहे बरोबर. इश कोमे."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"येतेस," त्यांनी विचारलं, "की निघालीस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "येते," मी मराठीतच म्हणाले. "येते हो. खरी येते."

"कॉफी किती जणींची?"

"तिघींची."

"बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्या नेहमी म्हणतात ते म्हणायला थांबल्या, घसा खाकरला, आणि एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाल्या, "आली!"